पत्रावर नाव एकाचंच असतं

१९९८ च्या जून महिन्यात आम्ही दारव्हा तालुक्यातल्या त्या गावात पोचलो तेव्हा पावसाची झड लागली होती. टेम्पोवरची ताडपत्री दोन ठिकाणी फाटलेली, गाद्या ओल्या, माझ्या मांडीवर कपबशांचं खोकं. हे, म्हणजे माझे यजमान, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून रुजू होणार होते. पाळकनिवासाचं दार सताड उघडं होतं. आत चुलीवर चहा उकळत होता, ओसरीत सात-आठ बाया बसल्या होत्या आणि बैठकीत एक म्हातारे बाबा पेटीचे सूर लावून पाहत होते. मी उंबरा ओलांडायच्या आधीच माझं घर भरलेलं होतं. एका आजीनं माझ्या हातातलं खोकं घेतलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लहानच हाये व माय पाळकीणबाई. होईन, होईन सगळं."

नेमणुकीच्या पत्रावर फक्त यांचं नाव होतं. मंडळीचं नाव, रुजू व्हायची तारीख, खाली सही-शिक्का. माझं नाव त्यात असायचं कारण नव्हतं, आणि मोठी मुलगी तर तेव्हा पोटात होती. पण त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या कपबशा विसळताना मला कळलं, की रुजू आम्ही सगळेच झालो आहोत.

हे २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीला पाळकाचं स्थळ आलं. ती मला विचारायला आली, "काकू, कसं असते हो त्या घरात?" तासभर बोलूनही मला धड सांगता आलं नाही. तिला द्यायला म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी आई अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात सिस्टर होती, त्यामुळे मिशनच्या कंपाउंडमधलं आयुष्य मला नवीन नव्हतं. पाळकाची बायको मी लहानपणापासून पाहिली होती, पण बाकावर बसून. पांढरी साडी, पुढच्या रांगेत जागा, सगळ्यांशी हसून बोलणं. एवढंच दिसतं बाकावरून. यांचं वेगळं होतं. यांचे वडील यवतमाळच्या बायबल सेमिनरीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. देशभरातून आलेल्या विद्यार्थ्यांची पहाटेची गाणी ऐकत हे वाढले. १९८३ साली ती सेमिनरी पुण्याला हलली, तेव्हा हे वीस वर्षांचे होते. मामंजींची नोकरी गेली, घरात दोन वर्षं फार ओढाताण झाली, आणि तरी यांनी पुढे पुण्याला जाऊन तेच शिक्षण घेतलं. घरच्यांनी विचारलं होतं, "ज्याच्यापायी घराची चूल विझली तेच शिकतोस?" यांचं उत्तर एवढंच होतं, की मला दुसरं काही येणार नाही.

पहिलं मानधन महिन्याला अठराशे रुपये. तेही वेळेवर येईल असं नाही. मंडळीनं आपला वाटा वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा, वरून मानधन खाली यायचं. पेरणीच्या दिवसांत मंडळीकडेच पैसा नसायचा, मग आमच्याकडे कुठून येणार? त्या दिवसांत आम्हाला मुठीच्या डब्यानं जगवलं. आमच्या बाया रोज स्वयंपाकाला बसताना देवाचं नाव घेऊन एक मूठ धान्य बाजूला काढायच्या आणि रविवारी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, आणून मोठ्या डब्यात ओतायच्या. महिन्याअखेरीला तो डबा आमच्याकडे यायचा. जाडा तांदूळ, रेशनचा तांदूळ, पांढरी ज्वारी, लाल ज्वारी, कुठे मूठभर तुरीची डाळ, सगळं एकत्र. पहिल्या महिन्यात मी ते तीन दुपारी बसून निवडलं. पुढे निवडायचं सोडलं, सरसकट दळून आणायचे. त्या पिठाची भाकरी थापताना कडेनं फाटायची. त्यात ज्या आजीनं माझं खोकं उचललं होतं तिचीही मूठ असायची, आणि तिच्या घरी चूल रोज दोनदा पेटत नव्हती हे मला माहीत होतं. एकदा मी तिला म्हटलं, आजी, तुम्ही नका आणत जाऊ. तिचा चेहरा असा उतरला की मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणाली, "तुमाले नाई आणत बाई मी. त्याले आणतो." पुन्हा मी कुणाला तसं म्हटलं नाही.

सासूबाईंनी लग्नात सांगितलं होतं, पाळकाच्या घराची कडी रात्री अकराच्या आधी लावायची नसते. अकरानंतर लावली तरी ती वाजायची. नवरा पिऊन मारतो म्हणून लेकरासकट आलेली बाई. तहसीलचा कागद वाचून घ्यायला आलेला माणूस, तो ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये रात्री दीड वाजता एक बाप आला. "साप चावला जी पोट्ट्याले." यांच्याकडे तेव्हा जुनी मोटारसायकल होती. मुलगा मध्ये, बाप मागे, आणि पावसात यवतमाळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत. घरी मोठी तापानं फणफणली होती. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत पहाटेपर्यंत बसले, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मी प्रार्थना केली नाही. मला राग आला होता. दुसऱ्याचं मूल घेऊन गेलेला माझा नवरा आणि माझं मूल माझ्याजवळ एकटं. सकाळी हे परत आले, मुलगा वाचला होता. मोठीचाही ताप उतरला होता. मी यांना चहा दिला आणि रात्रीचं सगळं सांगितलं, रागही सांगितला. हे काही बोलले नाहीत, मोठीला उचलून ओसरीत जाऊन बसले आणि दुपारपर्यंत तिला खाली ठेवलं नाही.

ज्या मुलीसाठी लिहिते आहे तिला हे मुद्दाम सांगते: राग आला तर सांग. गिळू नकोस. मी नंतरच्या काळात गिळायला शिकले आणि त्यानंच घराचं जास्त नुकसान झालं.

२००५ मध्ये वणी तालुक्यात बदली झाली. कोळशाच्या खाणींचा भाग. दर शनिवारी मंदिर झाडायचं आणि रविवारी सकाळी प्रभुभोजनाच्या मेजावरच्या पांढऱ्या कापडावर पुन्हा बोट फिरवलं की काळं व्हायचं. ते कापड धुणं माझ्याकडे होतं. तिथे खाणीत काम करणारी पगारी माणसं होती, मंडळी सुखवस्तू होती, मानधन वेळेवर यायचं. आणि आमच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वर्षं तिथलीच.

२००९ च्या पावसाळ्यात मंदिराचे पत्रे गळायला लागले. मंडळीनं वर्गणी काढली, चौदा हजार रुपये जमले, यांनी उभं राहून पत्रे बदलून घेतले. पावत्या होत्या. तरी दिवाळीनंतर वरच्या कार्यालयाकडे एक निनावी अर्ज गेला: पाळकांनी पत्र्यांच्या पैशात हात मारला. चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत मानधन थांबवण्यात आलं. ते पाच महिने चाललं. मोठी दहा वर्षांची, धाकटा सहाचा. मी शिवणकाम घेतलं, शेजारच्या एका बौद्ध बाईनं तिच्या ओळखीनं गणवेशांचं काम मिळवून दिलं. दर आठवड्याला पंधरा-वीस शर्ट. बटणं लावायला मोठी बसायची.

आणि अर्ज कुणी केला हे आम्हाला ठाऊक होतं. लहान गावात अक्षर लपत नाही. ते गृहस्थ पंच कमिटीत होते, दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकानं भाकर मोडून प्रत्येकाच्या हातावर ठेवायची असते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते पुढे येऊन गुडघे टेकून बसले तेव्हा मी माझ्या जागेवर ताठ झाले. मनात एकच, हे त्याला देतील का? यांचा हात त्यांच्यापाशी थांबला. फार थोडा वेळ, दुसऱ्या कुणाला कळलंही नसेल. मग त्यांच्या हातावर भाकर ठेवली आणि इतरांना म्हणाले तेच शब्द म्हणाले. घरी आल्यावर मी विचारलं, कसं जमलं तुम्हाला? हे म्हणाले, "नाही जमलं. हात आपोआप गेला. मेज माझं नाही ना." त्या दिवशी जेवले नाहीत.

मार्चमध्ये निकाल आला. हिशेबात काही दोष नाही, असं एका ओळीचं पत्र. थकलेलं मानधन दोन हप्त्यांत मिळालं. चुकलो, असं कुणी म्हटलं नाही. ते गृहस्थ पुढे तीन वर्षं तिसऱ्या बाकावर बसत राहिले आणि त्यांच्या आईच्या अंत्यविधीला यांनीच वाचन केलं. मी त्या घरी रात्रभर स्वयंपाक केला. करताना माझं मन स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. पण पोळ्या केल्या, साठ माणसांच्या.

लेकरांचं लिहिल्याशिवाय हे अपुरं राहील. मोठी आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली. सुंदर नाचली. शेतातल्या पाखरांवरचं गाणं होतं, पाखरू ही झाली होती. पुढच्या बैठकीत विषय निघाला: पाळकाची मुलगी स्टेजवर नाचते, बाकीच्या पोरींनी काय धडा घ्यायचा? यांनी मुलीची बाजू घेतली. मी मात्र घरी येऊन तिला म्हटलं, राहू दे ना बेटा, उगाच कशाला बोलणं. ती हो म्हणाली. पुन्हा कधी नाचली नाही, स्वतःच्या लग्नातही नाही. आज ती म्हणते, आई, मी विसरले ते. मी विसरले नाही. बैठकीतल्यांना जे जमलं नसतं ते माझ्या एका वाक्यानं झालं.

धाकट्याचं दुःख आणखी वेगळं. सातवीत तो गणितात नापास झाला आणि रडून बापाच्या कुशीत शिरला. पुढच्या रविवारी यांनी उपदेशात तेच सांगितलं, किती कोवळेपणानं सांगितलं, की हरलेलं लेकरू बापाकडे कसं येतं. बायांनी डोळे पुसले. धाकटा बाकावर बसून सगळ्यांकडे पाहत होता. शाळेतली चार मुलं त्याच मंदिरात होती. त्यानंतर त्यानं बापाला काही सांगणं हळूहळू बंद केलं. सोळाव्या वर्षी म्हणाला, मी उपासनेला आत बसणार नाही. घरात बोललेलं पुढच्या रविवारी माईकवर ऐकू येतं. बाहेर लिंबाखाली चपला सांभाळत बसायचा.

पाळकासाठी हे किती जड असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षानं, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्यानं, आपल्या घराची व्यवस्था नीट ठेवावी असं आहे, आणि मंडळीतल्या तिघांनी यांना ते वचन आठवण करून दिलं. यांनी वेगळंच केलं. एका रात्री धाकट्याच्या खाटेवर जाऊन बसले आणि त्याची माफी मागितली. म्हणाले, तुझं दुःख मी तुला न विचारता वाटून टाकलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत यांच्या एकाही उपदेशात आमची मुलं आली नाहीत. धाकटा लगेच आत येऊन बसला असं काही झालं नाही. तो लिंबाखालीच बसत राहिला. फक्त रात्री जेवताना बोलायला लागला.

आनंदाचंही सांगते, कारण दुःख लवकर आठवतं आणि आनंदाला बोलवावं लागतं. नाताळच्या आधीच्या रात्री! रात्री दहाला निघायचं, पेटी, ढोलकी, टाळ, एक कंदील, पुढे पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे. थंडी अशी की पेटीवाल्या बाबांची बोटं वळत नसत, म्हणून प्रत्येक घरी आधी शेकोटी, मग गाणं. एका घरी काळा चहा, दुसऱ्या घरी शेव-चिवडा, तिसऱ्या घरी म्हातारी झोपेतून उठून दारात उभी, डोक्यावर पदर, डोळ्यात पाणी. पहाटे चारला परतायचं आणि सहाला माझ्या करंज्यांची कढई चढायची. फराळाला सगळं गाव यायचं. गावच्या पोलीस पाटलांच्या आई माझ्या अनारशांची वाट पाहायच्या. केळापूर तालुक्यात आल्यावर एकदा बाहेरगावची काही पोरं गाड्यांवर येऊन विचारायला लागली, रात्री घरोघर काय फिरता, कुणाला बाटवता? मी दारामागे थरथरत होते. तिथल्या पोलीस पाटलांच्या आई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "माह्या घरी गाणं म्हणाले मीच बलावलं. तुमाले आयकाचं असन तर बसा, चहा ठेवतो." पोरं गेली.

केळापूर तालुक्यात आम्ही दहा वर्षं काढली, २०१३ ते २०२३. कापसाचा मुलूख. तिथला हंगामाचा सण हा माझ्या सगळ्यात आवडीचा. शेतातलं पहिलं पीक मेजापुढे आणून ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. एका लिंबाला तीनशे रुपये, एका कोहळ्याला हजार! घेणारा तेच कोहळं पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, लेकरं ओरडून ओरडून घसा बसवतात. वर्षभराचा मंदिराचा खर्च त्या एका दुपारी निघायचा.

२०१७ साली असं झालं नाही. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, म्हणून फवारा तोंडावर यायचा. माणसं दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होती. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं दगावले. आमच्या मंडळीतला एक तरुण, रोजानं फवारणी करणारा, सप्टेंबरमध्ये दवाखान्यात भरती झाला. डोळ्यांना दिसेना, श्वास घेता येईना. हे नऊ दिवस त्याच्या खाटेशी होते. त्याच्या बायकोला दोन घास खाऊन यायला सांगायचं, तेवढा वेळ हात धरून बसायचं. हे म्हणायचे, तिथं उपदेश काय करणार, मी नुसता बसतो. तो वाचला, पण फवारणीचं काम त्याला पुन्हा करता आलं नाही.

मग गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि कुजकी सरकी. त्या वर्षीच्या सणाला मेजापुढे फार थोडं होतं. हा तरुण बायकोला धरून पुढे आला आणि ओंजळभर कापूस ठेवला. पिवळा पडलेला, गाठी झालेला. "कवडी हाये साहेब. औंदा हेच आलं." मंदिरात आवाज नाही. लिलावाच्या वेळी यांनी बाकी सगळं पुकारलं, ती ओंजळ पुकारली नाही. नाताळ होऊन गेला तरी ती मेजावर होती. कुणी विचारलं तर सांगायचे, हे अर्पण आहे, याची किंमत आपण करायची नाही. नंतर ती मी एका स्टीलच्या डब्यात घालून ठेवली. अजून आहे.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीबद्दलही एक सांगावंसं वाटतं. वर दरवर्षी आकडे पाठवायचे असतात: बाप्तिस्मे किती, लग्नं किती, अंत्यविधी किती. एक गृहस्थ अकरा वर्षं दर रविवारी येत, घरात प्रार्थना करत, पण बाप्तिस्मा घेत नव्हते. कारण सगळ्यांना माहीत होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, आणि त्यांचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकत होता. बाहेरून आलेले काही पाहुणे यांना म्हणाले, तुम्ही त्यांना ठामपणे सांगत का नाही? यांनी त्यांना कधीच ढकललं नाही. मुलाच्या भाकरीचा प्रश्न आहे, तो बाप देवाशी बोलतोय, मध्ये मी कशाला? असं म्हणायचे. आकड्याच्या रकान्यात त्या वर्षी शून्य गेलं. माझ्या मते पाळक म्हणून यांनी केलेल्या मोठ्या गोष्टींत ते शून्य धरायला हवं.

२२ मार्च २०२० च्या रविवारी मंदिर बंद झालं. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, रविवार आम्ही चौघांनी बैठकीत केला. मंडळीत मोठे फोन मोजक्याच घरी, म्हाताऱ्यांकडे तर बटणांचे. तेव्हा लिंबाखाली बसणाऱ्या धाकट्यानं रस्ता काढला. फोनवर एकमेकांना जोडत जोडत पाच-सहा घरं एका वेळी घ्यायची, पंधरा मिनिटांची उपासना, मग पुढची पाच-सहा. रविवारी सकाळी सातपासून दुपारपर्यंत आठ वेळा तेच गीत, तीच प्रार्थना. पेटीवाले एक काका फोन पेटीवर ठेवून वाजवायचे. कुणाचा आवाज आला नाही तर धाकटा काळजीत पडायचा, "बाबा, त्या आजी आज बोलल्या नाहीत." १६ नोव्हेंबरला राज्यात प्रार्थनास्थळं उघडली. पुढच्या रविवारी लोक आत आले, अंतरा-अंतरावर बसले, आणि पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा कुणालाच दुसऱ्या ओळीपुढे जाता आलं नाही.

२०२१ चा एप्रिल मी थोडक्यात सांगते. तीन आठवड्यांत यांनी चार जणांना माती दिली. भावकी यायला घाबरत होती. हे, धाकटा आणि तरुण संघातली दोन मुलं, चौघं ते प्लास्टिकचे पोशाख घालून जात. मी अंगणात चुलीवर पाणी तापवून, लिंबाचा पाला टाकून, दार उघडं ठेवून बसायचे. माती दिलेल्यांतला चौथा माणूस म्हणजे आमचे पेटीवाले काका. त्या दिवशी धाकट्यानं कबरीपाशी बापाला धरलं होतं, असं मला दुसऱ्या मुलानं सांगितलं. घरी दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मोठीचं लग्न झालं. मुलगा नागपूरचा, बँकेत आहे. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार पुकार वाचतात: अमुक आणि अमुक यांचा विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असेल तर सांगावी. पंचवीस वर्षांत यांनी किती पुकार वाचले असतील! पहिल्या रविवारी स्वतःच्या मुलीचं नाव वाचायची वेळ आली. कागद हातात, चष्मा नाकावर, आणि आवाज फुटेना. मंडळी वाट पाहत राहिली. मागून त्या फवारणीवाल्या तरुणाची बायको मोठ्यानं म्हणाली, "आमची कोणाचीच हरकत नाही, साहेब!" सगळं मंदिर हसलं, हेही हसले, मग वाचलं. लग्नाच्या दिवशी वधूपिता म्हणून तिला हात धरून आत आणलं, झगा चढवला आणि पाळक म्हणून पुढे उभे राहिले. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं चालत आलेल्या त्या मोठ्या नोंदवहीत तिच्या बापाची सही एकाच पानावर दोनदा आहे. नाच नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली.

मग निवृत्ती. पंचवीस वर्षांत तीन घरांत राहिलो, तिन्ही मंडळीची. सासूबाई सांगत होत्या, एखादा तुकडा घेऊन ठेवा. घेतला नाही. पैसा नव्हता हे खरं, पण काहीतरी होईल असंही वाटत राहिलं. ज्या मुलीसाठी लिहिते आहे तिनं हे दोनदा वाचावं: दर महिन्याला शंभर रुपये का होईना, स्वतःच्या छपरासाठी बाजूला काढ. त्यानं विश्वास कमी होत नाही. आम्ही यवतमाळला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. धाकटा नागपूरला नोकरीला लागला आहे, थोडे पाठवतो. रविवारी मंदिरात जातो की नाही हे मी विचारत नाही. नाताळात घरी आला की रात्री गायला जातो, एवढं मला माहीत आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी नवे पाळक आले. दुपारचं ऊन, टेम्पो, त्यात गाद्या, आणि पुढच्या सीटवर एक चोवीस-पंचवीसची मुलगी, कडेवर वर्षाचं बाळ. आमचं सामान आधीच निघालं होतं. ओसरीत बाया जमल्या होत्या, चहा उकळत होता. मी तिला घर दाखवलं. मोरीचा नळ डावीकडे फिरवायचा. मागच्या खोलीचा पत्रा पश्चिमेच्या पावसात गळतो, खाली घमेलं ठेव. मुठीचा डबा इथे, झाकण घट्ट लाव, नाहीतर टोके पडतात. समोरच्या घरच्या म्हातारीला ऐकू येत नाही, जवळ जाऊन बोल. तिनं विचारलं, "काकू, दुपारी थोडा वेळ दार लोटून घेतलं तर चालेल का? बाळ झोपतं तेव्हा." मी म्हटलं, लोटून घे. कडी लाव. मी सांगते बायांना.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. बाळ तिच्या मांडीवर पेंगत होतं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं, आणि कुणीतरी हाक दिली, "बाई, हाये का घरी?"

दोघी एकदम उठलो. मग मी तिच्याकडून बाळ घेतलं आणि खाली बसले.